तिखाडीचा जनरल

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे माझे गाव. गावाबाहेरच्या बरडावर एक गवत उगवते, त्याला आम्ही तिखाडी म्हणतो. ह्या गवताच्या शास्त्रीय नावात एका फ्रेंच माणसाचे नाव आहे. तो इंग्रजांच्या फौजेत जनरल झाला, लखनौच्या नवाबाच्या आश्रयाला राहून गडगंज श्रीमंत झाला आणि मरताना आपल्या दौलतीचा मोठा वाटा शाळांसाठी ठेवून गेला. क्लॉड मार्टिन हे त्याचे नाव. त्याचे चरित्र लिहावे असे माझ्या मनात का आले, हे सांगायचे तर आधी आजीच्या गुडघ्यांविषयी लिहावे लागेल.

माझ्या आजीने उभी हयात लोकांची ढोरे राखली. तिला अक्षरओळख नाही. आता तिचे गुडघे धरतात. तिखाडीचे तेल त्यावर गुणकारी, पण विकतच्या बाटलीला पैसे पडतात. म्हणून ती तिखाडीचा भारा आणवते, गंजात उकळते आणि त्या पाण्याने शेकते. भारा आणण्याचे काम माझ्याकडे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; पण सुट्टीत गावी गेले की हातात विळा येतोच, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या डौलाने भारा आणून अंगणात टाकला. आजीने एक काडी उचलली, पान तळहातावर चोळले, नाकाशी नेले आणि भारा गाईपुढे टाकायला सांगितले. मी आणले होते ते दुसरेच गवत होते. फुलोरा तसाच तांबूस, उंची तशीच, दुरून पाहिले तर कोणीही फसावे. फक्त त्याला वास नव्हता. ढोरे राखणारीच्या नातीला गवत ओळखता येऊ नये, ह्याचे आजीला वाईट वाटले. मला तर फारच लाज वाटली. दोन वर्षे मी इतिहास आणि मराठी वाङ्मय शिकत होते, आणि घरामागचे गवत मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजी काठी टेकत स्वतः माझ्याबरोबर आली. नाल्याकाठची काळी जमीन सोडून ती सरळ चढावर गेली. तिखाडीला पाणी धरून ठेवणारी जमीन चालत नाही, हे तिने मला सांगितले. मुरूम असावा, उतार असावा, पावसाचे पाणी पडले की वाहून गेले पाहिजे. तिथे ती दाट कुरणासारखी माजत नाही. एक थोंब इथे, दुसरे चार पावलांवर, मध्ये उघडा खडक नि कुसळी, अशी राहते. आजी लहान असताना हे सारे बरड ऐन कार्तिकात तांबडे दिसायचे म्हणे. आता उतारापर्यंत सोयाबीन आले आहे. तिखाडी राहिली आहे ती ई-क्लासच्या तुकड्यावर आणि वावरांच्या धुऱ्यांवर.

सुट्टी संपल्यावर मी दोन काड्या मुळासकट वर्तमानपत्रात गुंडाळून वाशीमला आणल्या. आमचे महाविद्यालय कला शाखेचे. इतिहासाच्या मॅडमनी एक चिठ्ठी लिहून मला दुसऱ्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे पाठवले. सर आधी हसले, कारण कला शाखेची मुलगी गवत घेऊन आलेली त्यांनी पाहिली नव्हती. मग त्यांनी भिंग माझ्याच हातात दिले आणि काय दिसते ते मलाच सांगायला लावले.

पान रुंद होते. बुडाशी ते गोलसर होऊन कांडीला दोन्ही बाजूंनी कवटाळत होते, जणू लहान मुलाने आईच्या गळ्यात हात टाकावेत. पानाची खालची बाजू निळसर राखाडी, पावडर लावल्यासारखी. शेंड्याला लांब फुलोरा, त्यात कणसांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला खालून धरणारे तांबूस पानासारखे एक आवरण. ते नेमके होडीच्या आकाराचे होते. सर म्हणाले की ह्या होडीवरूनच ह्या वंशाला सिंबोपोगॉन हे नाव मिळाले आहे. ग्रीक भाषेत होडी आणि दाढी ह्या दोन शब्दांचा तो जोड आहे. दारातला गवती चहाही ह्याच वंशातला. पण गवती चहाचे पान लांब, अरुंद आणि वास लिंबाचा. तिखाडीचा वास गुलाबाचा. वाळ्याचा सुगंध मुळात असतो आणि त्याला ओल लागते. कुसळीला वास नाही. ती कपड्यात रुतून आपली ओळख स्वतःच देते. असे एकेक वजा करीत आम्ही सिंबोपोगॉन मार्टिनाय ह्या नावापाशी आलो. आजीने हेच काम तळहातावर एका क्षणात केले होते.

मराठी पुस्तकांत ह्या गवताला रोशा गवत किंवा रोहिष गवत म्हणतात. त्याच्या तेलाला परदेशी बाजारात पामारोजा म्हणतात. त्याच्या दोन जाती मानतात, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर सुट्या थोंबांनी वाढते, तिची पाने कांडीपासून चांगली आडवी फाकतात आणि तिचे तेल उंची. सोफिया ओलसर, सखल जागी दाटीने वाढते, पाने उभी असतात आणि तेलाला गुलाबापेक्षा आल्यासारखा वास जास्त. बाहेरून दोघी इतक्या सारख्या की जागा पाहिल्याशिवाय नुसत्या वाळलेल्या काडीवरून सांगणे अवघड. म्हणून सरांनी मला पहिला प्रश्न विचारला होता तो गवत कुठे उगवले होते हा. मी बरडाचे वर्णन केले तेव्हा ते मोतियाकडे झुकले. जमिनीविषयीचे आजीचे बोलणे त्या वेळी माझ्या तोंडून प्रयोगशाळेत गेले, हे मला विशेष वाटले.

आमच्या वऱ्हाडात, खानदेशात, निमाड-बैतुलच्या रानात एके काळी ह्या तेलाच्या भट्ट्या लागत. फुलोऱ्यावर आलेले गवत कापायचे, पाण्यासह मोठ्या देगेत भरायचे, झाकण लिंपून बंद करायचे, खाली जाळ करायचा आणि वाफ नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. वर तरंगते ते तेल. ते मुंबईच्या बंदरातून अरबस्तान, तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरत. थोडक्यात, युरोपातल्या श्रीमंत बायकांच्या रुमालावर आमच्या बरडाचा वास होता. त्यांना ते माहीत नव्हते, आणि आमच्याकडच्या ढोरक्यांनाही नव्हते.

आता मार्टिन. सरांना त्याच्याविषयी तो कोणी लष्करी अधिकारी होता एवढेच ठाऊक होते. इतिहास माझा विषय, तेव्हा पुढचे शोधणे माझ्याकडे आले.

क्लॉड मार्टिनचा जन्म ५ जानेवारी १७३५ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात झाला. घर साध्या धंदेवाल्याचे. शिक्षण थोडके. १७५१ साली, सोळाव्या वर्षी, तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपाई म्हणून दाखल झाला आणि पुढच्या वर्षी पाँडिचेरीला उतरला. तेव्हा तिथे डुप्लेक्सचा अंमल होता. कर्नाटकातल्या इंग्रज-फ्रेंच लढाया आपण पाठ्यपुस्तकात पाठ करतो. हा मुलगा त्यांत बंदूक घेऊन उभा होता. फ्रेंचांची बाजू पडत गेली. १७६१ च्या जानेवारीत पाँडिचेरी पडली. त्याच्या आसपास मार्टिन इंग्रजांना जाऊन मिळाला.

ह्या पक्षांतराला काय म्हणावे? देशद्रोह म्हणायला माझी लेखणी धजत नाही. उपाशी शिपाई, हरलेली बाजू, घर हजारो मैल दूर. पण त्याचबरोबर हेही खरे की पुढे आयुष्यभर जिथे फायदा तिथे मार्टिन, असे दिसते.

इंग्रजांनी १७६३ मध्ये त्याला अधिकारी केले. पुढे काही वर्षे तो उत्तर बंगालच्या बाजूला जमिनीची मोजणी करीत हिंडला. हिंदुस्थानचे नकाशे करणारा रेनेल त्याचा वरिष्ठ. नदी कुठे वळते, चढ कुठे लागतो, कोणत्या मातीत काय उगवते, हे पाहत चालण्याची सवय त्याला ह्याच काळात लागली असावी, असा माझा तर्क आहे. कारण एरवी तोफांच्या मागे जाणारा माणूस गवताकडे कशाला पाहील?

१७७६ मध्ये तो लखनौला नवाब असफउद्दौल्याच्या शस्त्रागारावर अधिकारी म्हणून गेला आणि मरेपर्यंत तिथलाच झाला. पगार कंपनीचा आणि कमाई साऱ्या बाजूंनी. नवाबाला व्याजाने पैसे द्यायचे, युरोपचा माल विकायचा, घरे बांधून भाड्याने द्यायची, कानपूरजवळ नजफगढला निळीचा कारखाना चालवायचा. नवाबाचा खजिना रिता होत होता नि मार्टिनचा भरत होता. वऱ्हाडातल्या वाचकाला सावकारी समजावून सांगावी लागत नाही. हा माणूस आधी सावकार होता, आणि त्याचे बाकीचे गुण सावकारीच्या पैशावर उभे होते, हे विसरून चालणार नाही.

गुण मात्र होते. गोमतीच्या काठी त्याने एक घर बांधले, फर्हत बक्ष. त्याचे खालचे मजले नदीच्या पाण्याच्या पातळीला होते. उन्हाळ्यात तो तळाच्या थंड खोल्यांत राही आणि पावसाळ्यात नदी घरात शिरली की वरच्या मजल्यावर जाई. पॅरिसमध्ये माणूस पहिल्यांदा फुग्यातून आकाशात गेला तो १७८३ मध्ये. दोनच वर्षांनी मार्टिनने लखनौच्या लोकांना गरम हवेचे फुगे उडवून दाखवले. त्याच्याकडे हजारो ग्रंथ होते. हिंदुस्थानी चित्रकारांना पगार देऊन त्याने युरोपातून मागवलेल्या कागदावर झाडे नि पक्षी काढून घेतले. त्या चित्रकारांची नावे फारशी कोणी टिपून ठेवली नाहीत.

सर्वात अंगावर काटा आणणारी गोष्ट १७८२ सालची. त्याला मूतखडा झाला होता. त्या काळी भूल नव्हती. शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मरणच. मार्टिनने एक बारीक पोलादी तार घेतली, तिचे टोक कानशीसारखे खरखरीत केले, नळीतून ती स्वतःच्या हाताने आत घातली आणि खडा थोडा थोडा घासायला सुरुवात केली. दिवसातून अनेक वेळा, असे महिनोन्महिने. खडा झिजून बाहेर पडला आणि तो बरा झाला. वैद्यकाच्या इतिहासात मूतखडा आतल्या आत फोडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न गणला जातो. मी हे आजीला सांगितले तेव्हा तिने गुडघ्यावरचा हात क्षणभर काढला.

आता गवताकडे येते. १७९० मध्ये इंग्रजांचे टिपू सुलतानाशी तिसरे युद्ध सुरू झाले. मार्टिनने घोडदळाच्या एका तुकडीसाठी स्वतःच्या खर्चाने उत्तम घोडे कंपनीला दिले, त्याला कर्नलचा हुद्दा मिळाला, आणि लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या पदरचा अधिकारी म्हणून तो दक्षिणेत गेला. तिथे बालाघाटच्या उंच प्रदेशात त्याला दिसले की फौजेची जनावरे एका विशिष्ट गवतावर तुटून पडतात. गवत इतके तिखट आणि सुगंधी की ते खाणाऱ्या जनावरांच्या दुधालोण्याला आणि मांसालासुद्धा त्याचा वास येई. मार्टिनने त्याचे बी जमवले, लखनौला नेऊन लावले, आणि तिथून ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्गकडे पोहोचले. रॉक्सबर्ग १७९३ पासून त्या उद्यानाचा प्रमुख होता. त्याने गवताचे वर्णन लिहिले आणि बी देणाऱ्याच्या नावाने त्याचे नाव ठेवले.

बालाघाट हा शब्द वाचला आणि मी खुर्चीवरून उठलेच. मोगलांच्या काळापासून वऱ्हाडाचे दोन भाग मानतात, पयानघाट आणि बालाघाट. पयानघाट म्हणजे पूर्णेचे सखल खोरे, आणि बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या रांगेवरचे पठार. वाशीम बालाघाटात येते. मला वाटले, मार्टिनने बी घेतले ते आमच्याच बरडावरचे! त्या रविवारी मी गावी जाऊन हे घरी सांगितले, शेजारी सांगितले, देवळाच्या पारावर बसलेल्या मंडळींनाही सांगितले. टिपूशी लढणारा जनरल आपल्या शिवारात तिखाडी कापायला आला होता, ही बातमी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात झाली.

सोमवारी मॅडमनी माझ्यासमोर नकाशा पसरला. टिपूच्या युद्धात इंग्रजी फौज वऱ्हाडात आलीच नव्हती. कर्नाटकातल्या घाटांवरच्या म्हैसूरकडील पठारालाही बालाघाट म्हणत. घाटाच्या वरचा तो बालाघाट. असे प्रदेश देशात अनेक. नाव सारखे म्हणून जागा सारखी ठरत नाही. तांबूस फुलोरा पाहून जी चूक मी गवतात केली होती, तीच नावात पुन्हा केली. गावी परत जाऊन पारावर ते दुरुस्त करणे मला फार जड गेले. एका वृद्ध गृहस्थांनी तर अजूनही मान्य केलेले नाही. जनरल येऊन गेला असेल, पुस्तकवाल्यांना काय माहीत, असे त्यांचे मत आहे.

आजीला मात्र जनरलपेक्षा जनावरांची गोष्ट खटकली. तिच्या मते कोवळी तिखाडी गाय खाते. फुलोऱ्यावर आलेली, तिखट झालेली सहसा तोंडात घेत नाही. मग मार्टिनने पाहिले ते खोटे का? मी त्या युद्धाचे पुन्हा वाचले. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी येऊन परत फिरला. धान्य संपले होते, चारा नव्हता, तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते, आणि अवजड तोफा त्याला स्वतःच नष्ट कराव्या लागल्या. मागे फिरताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांची मराठी फौज भेटली तेव्हा कुठे इंग्रजांना धान्य मिळाले, तेही चढ्या भावाने. मार्टिनने गवत पाहिले ते नेमके कोणत्या महिन्यात, हा मुद्दा बाजूला ठेवू. पण अशा मोहिमेतला भुकेला बैल काय खाणार नाही? किंवा पहिल्या पावसानंतरची कोवळी फूट असेल. आजीला दुसरे कारण पटते, मला पहिले.

रॉक्सबर्ग १८१३ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला आणि दोन वर्षांनी वारला. त्याचा ग्रंथ हस्तलिखितातच राहिला होता. त्याचा पहिला खंड १८२० मध्ये श्रीरामपूरला छापून निघाला आणि तो छापणारा होता विल्यम कॅरे. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नाव नवीन नाही. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश करणारा तोच हा कॅरे. वाङ्मयाच्या इतिहासाच्या पेपरला आपण त्याच्यावर टीप लिहितो. तोच आपल्या तिखाडीचे बारसे छापून गेला, हे त्या टिपेत मात्र नसते. पुढे १८८२ मध्ये वॉटसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे गवत सिंबोपोगॉन वंशात घातले. वंश बदलला तरी मार्टिन नावात तसाच राहिला.

इथवर आल्यावर मला मार्टिन आवडू लागला होता. गरीब घरातला, थोडे शिकलेला, स्वतःच्या बुद्धीने वर आलेला. आपल्यासारखाच, असे मी वहीत लिहिलेही होते. मग बूलोनविषयी वाचले.

बूलोन ही लखनौत त्याच्या घरात राहणारी स्त्री. ती सुमारे नऊ वर्षांची असताना मार्टिनने तिला विकत घेतले होते. त्याने तिला वाढवले, लिहायला-वाचायला शिकवले, आणि मोठी झाल्यावर तीच त्याची सोबतीण झाली. त्याच्या मृत्युपत्रात तिच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि तिच्या चरितार्थाची चांगली सोय केली आहे. घरातल्या गुलामांना मोकळे करण्याची तरतूदही त्यात आहे. त्या काळी असे चालायचे, असे म्हणून काही जण पुढे जातात. मी काही दिवस पुढे जाऊ शकले नाही. माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. वहीतले ते वाक्य मी खोडले. त्याच्या जागी काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून जागा कोरीच आहे.

१७९५ मध्ये तो मेजर जनरल झाला. अखेरच्या वर्षांत त्याने लखनौबाहेर कॉन्स्टन्शिया हा प्रचंड वाडा बांधायला घेतला. मूत्रविकाराने त्याला पुन्हा गाठले होते. १३ सप्टेंबर १८०० रोजी तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे कॉन्स्टन्शियाच्या तळघरात त्याला पुरले. थडगे घरात असले म्हणजे नवाब घर बळकावणार नाही, असा त्यामागे हिशेब होता असे म्हणतात. सावकार मेल्यावरही सावध होता म्हणायचा! १८५७ च्या उठावात ते थडगे फोडले गेले आणि हाडे विखुरली. नंतर ती पुन्हा जमवून पुरण्यात आली.

१ जानेवारी १८०० रोजी केलेले त्याचे मृत्युपत्र लांबलचक आणि गुंतागुंतीचे होते. लखनौ, कलकत्ता आणि चंद्रनगरच्या गरिबांना दानधर्म. कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवण्यासाठी पैसा. आणि कलकत्ता, लखनौ नि त्याचे जन्मगाव ल्यों अशा तीन ठिकाणी शाळा. अर्थ लावण्यावरून कलकत्त्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे खटला चालला. कलकत्त्याची ला मार्टिनियर शाळा उघडली १८३६ मध्ये आणि लखनौची, त्याच कॉन्स्टन्शिया वाड्यात, १८४५ मध्ये. म्हणजे मुले वर्गात बसेपर्यंत देणारा मरून पंचेचाळीस वर्षे झाली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून वाट पाहणाऱ्या आम्हा मुलांना एवढा उशीर कोणी सांगितला तर आम्ही काय करू? कलकत्त्यात मुलींसाठीही शाळा निघाली, लखनौत ती १८६९ मध्ये. मात्र फार वर्षे ह्या शाळांत मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलेच शिकत. ज्या मुलुखाच्या महसुलातून ती दौलत उभी राहिली, त्या मुलुखातल्या शेतकऱ्यांची मुले तिथे पोहोचायला बराच काळ जावा लागला.

मार्टिनचे वाडे, तोफा, ग्रंथ, चित्रे ह्यांची पांगापांग झाली. शाळा आहेत आणि गवत आहे. गवताला त्याचे नाव आहे हे लखनौच्या शाळेतल्या किती मुलांना माहीत असेल कोण जाणे. रिठदला आता बऱ्याच जणांना माहीत आहे, माझ्या चुकीमुळे का होईना.

सरांनी मला आणखी एक काम दिले. तिखाडीचे एक थोंब फुलोऱ्यासह दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवायचे आणि खाली चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर ठरलेल्या जागा असतात: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, जमीन कशी, सोबत काय उगवते, गोळा करणाऱ्याचे नाव. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आजीबरोबर पुन्हा बरडावर गेले. ह्या वेळी थोंब मीच शोधले. तिने पान चोळून पाहिले आणि काही बोलली नाही, म्हणजे ते बरोबर होते. जमिनीच्या रकान्यात मी तिने सांगितले तसे लिहिले: मुरमाड उतार, पाणी न थांबणारा, सोबत कुसळी. गोळा करणाऱ्याच्या जागी माझे नाव आहे. गवत कोणी दाखवले ह्यासाठी चिठ्ठीत रकाना नसतो. सरांना विचारून मी तो खाली हाताने आखला आणि त्यात आजीचे पूर्ण नाव लिहिले. कागद आता त्यांच्या कपाटात आहे. त्या दिवशी कापलेला उरलेला भारा घरी गंजात गेला.